सुई कुणाच्या हातात आहे?

भोकरदन तालुक्यातल्या राजूरहून मी बोलतेय. बचत गटांचं काम करताना गावोगावी बैठकांना जाते. हल्ली बैठक संपली, वह्या मिटल्या, की एखादी मुलगी हळूच मोबाईल पुढे करते आणि विचारते, "ताई, हे खरं असतं का हो?" मोबाईलवर जाहिरात असते: गोरेपणाचं इंजेक्शन, सुरकुत्या घालवणारं इंजेक्शन, ओठ भरायचं इंजेक्शन. लग्नसराईत तर जाहिराती फारच. खाली लिहिलेलं असतं, 'अनुभवी नर्सकडून'.

मुलींचं म्हणणं सरळ असतं. "नर्सला सुई टोचता येते. मग टोचून घ्यायला काय हरकत?" या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता आलं असतं. पण आपल्या आज्या-पणज्यांपासून सुई कुणाकुणाच्या हातात होती आणि तिच्यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवला जायचा, हे आधी पाहू. मग उत्तर तुमचं तुम्हालाच सापडेल.

गोंदणाची सुई

रूपासाठी सुई टोचून घेणं आपल्याला नवं नाही. राजूरच्या गणपतीला अंगारकीला केवढी गर्दी होते, ते तुम्हाला ठाऊक आहे. जत्रेत बांगड्यांच्या, कुंकवाच्या दुकानांशेजारी गोंदणारे बसतात. आपल्या म्हाताऱ्या बायांच्या हातावर तुळस, कपाळावर ठिपका, मनगटावर नाव हिरवं झालेलं दिसतं. मेल्यावर सोबत येतो तो एवढाच दागिना, असं त्या म्हणायच्या.

जुन्या गोंदणारणीचं नाव कुठल्या वहीत नसायचं. ती ओळखीची असायची. दरवर्षी यायची, कुणाची कोण ते गावाला माहीत असायचं. ओळख हीच तिची हमी. पण ती एकाच सुईने दहा जणींना गोंदायची. त्यात तिची लबाडी नव्हती. रक्तातून रोग जातो हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. आज आपल्याला माहीत आहे की अशा सुईतून कावीळ-बी आणि एचआयव्हीसारखे आजार एकीकडून दुसरीकडे जाऊ शकतात. ओळखीची बाई आपल्याला फसवणार नाही एवढा भरवसा ओळखीने मिळतो. सुई स्वच्छ आहे का, औषध योग्य आहे का, हे मात्र ओळखीला कळत नाही. त्यासाठी शिक्षण लागतं. आणि कोण शिकलंय, कोण नाही, हे सगळ्यांना कळावं म्हणून नोंद लागते.

आधी शिक्षण आलं

आनंदीबाई जोशींचं नाव आपण शाळेत ऐकलं आहे. त्यांचं पहिलं बाळ दहा दिवसांचं होऊन गेलं. वेळेवर नीट उपचार मिळाले नाहीत. ते दुःख घेऊन ही कल्याणची मुलगी अमेरिकेला गेली आणि १८८६ साली डॉक्टर झाली. पुढच्याच वर्षी, वयाची बावीस वर्षंही पुरी व्हायच्या आत, ती वारली. पण बायकांना शिकलेल्या बायकांचा हात हवा, ही गोष्ट त्यातून महाराष्ट्राच्या मनात रुजली.

त्याच १८८६ साली मुंबईत बायका-मुलांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झालं. नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत एक नाव येतं, बाई काशीबाई गणपत. १८९१ साली नर्सचं शिक्षण घ्यायला आलेली पहिली भारतीय बाई म्हणून ते दिलेलं असतं. तिच्याविषयी एवढी एक ओळच आपल्या हाती आहे, पण ती ओळ कुणीतरी लिहून ठेवली म्हणून सव्वाशे वर्षांनी आपण तिचं नाव घेऊ शकतो.

पुढे १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं राहिलं. रमाबाई रानडे त्याच्या अध्यक्ष होत्या. सेवासदनाने बायकांना ससून हॉस्पिटलमध्ये नर्सचं काम शिकायला पाठवलं. त्यात विधवा बायाही होत्या. परक्या माणसांची शुश्रूषा करणं हे घरंदाज बाईचं काम नाही, असं लोक म्हणायचे. ते सोसून या बायका शिकल्या. म्हणून नर्स या शब्दाला मान आहे. तो मान फुकट मिळालेला नाही, हे लक्षात ठेवा. कारण आज जाहिरातीत हाच शब्द कुणीही वापरतं.

मग नोंद आली

शिक्षण सुरू झालं तरी एक अडचण उरली. पांढरे कपडे कुणीही घालू शकतं. खरी शिकलेली कोण आणि नुसती पेहराव केलेली कोण, हे आजाऱ्याने ओळखायचं कसं?

न्यूझीलंड देशाने याचं उत्तर सगळ्यात आधी काढलं. १९०१ साली त्यांनी नर्सच्या नोंदणीचा कायदा केला आणि १० जानेवारी १९०२ ला एलन डॉहर्टी या बाईचं नाव नोंदवहीत पहिलं लिहिलं गेलं. इंग्लंडमध्ये यावरून तीस वर्षं वाद चालला. गंमत अशी, की नोंदणीला विरोध करणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या. त्यांचं म्हणणं, चांगली नर्स तिच्या स्वभावावरून आणि कामावरून ठरते, परीक्षा घेऊन यादीत नाव घातल्याने माया येत नाही. एथेल बेडफर्ड फेनविक या नर्सचं म्हणणं उलट होतं. माया यादीत मावत नाही हे कबूल, पण यादीच नसेल तर आजाऱ्याने विश्वास कुणावर ठेवायचा? शेवटी १९१९ साली तिथे कायदा झाला आणि नोंदवहीत पहिलं नाव फेनविकबाईंचं लागलं.

मला दोघींचंही म्हणणं पटतं. नोंदणी असलेली प्रत्येक जण चांगलीच असेल असं नाही. पण नोंदणी असलेलीला जाब विचारता येतो. चूक केली तर तिचं नाव वहीतून काढता येतं. जिचं नाव कुठेच नाही तिचं काय काढणार?

आपल्याकडे मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा १९१२ साली झाला. नर्सच्या नोंदणीचा कायदा मद्रासला १९२६ साली आणि मुंबईला १९३५ साली झाला. मुंबईच्या कायद्यात नर्सबरोबर सुइणींचीही नोंद होती. पण मैत्रिणींनो, ते कायदे आपल्या भोकरदन-जालन्याला लागू नव्हते. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात होतो. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, १९५६ साली मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. एका राज्यात वेगवेगळ्या भागांचे वेगवेगळे नियम होते. ते एकत्र करायला १९६६ साली महाराष्ट्र परिचारिका कायदा आला. त्याआधी १९६१ आणि १९६५ साली राज्यातल्या वैद्य-डॉक्टरांच्या नोंदणीचे कायदे झाले होते. १९६१ च्या कायद्यानुसार नोंदणी नसताना डॉक्टरकी करणं हा गुन्हा आहे. पेपरात बोगस डॉक्टरवर गुन्हा दाखल झाल्याची बातमी येते ना, ती बहुतेकदा याच कायद्याखालची असते.

आपल्या उपकेंद्रातल्या सिस्टर, ज्या बाळाला डोस देतात, त्यांचंही नाव महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदवहीत असतं. त्यांच्या हातात आपण तान्हं बाळ देतो, त्यामागे एवढा इतिहास आहे.

बाटलीचा नंबर

नोंद म्हणजे नुसता कागद, असं वाटत असेल तर एक खरी घटना सांगते.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच १८९७ साली गेल्या. हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाने मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. ही लस मग देशभर जाऊ लागली. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मलकोवाल गावात १०७ जणांना ती टोचली. त्यातले १९ जण पुढे धनुर्वाताने मेले. त्या दिवशी पाच बाटल्या उघडल्या होत्या. मेलेले १९ च्या १९ जण एकाच बाटलीतले होते.

हे कळलं कसं? कोणती बाटली कुणाला, हे लिहिलेलं होतं. बाटलीवर नंबर होता. सुरुवातीला दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला, हाफकिनला पदावरून दूर केलं गेलं. पण नोंदी होत्या, म्हणून पुन्हा पुन्हा तपास करता आला. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच तो पुन्हा वापरला होता, ही बाब पुढे आली. १९०७ साली हाफकिन दोषमुक्त झाला. परळच्या त्या प्रयोगशाळेला आज हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतात.

एका पडलेल्या चिमट्याने १९ जीव गेले. म्हणून सुई देणाऱ्याला शिक्षण हवं. आणि खरं काय ते नोंदीमुळे बाहेर आलं. म्हणून नाव, नंबर, तारीख हवी.

रूपाच्या सुईची गोष्ट

आता रूपाच्या सुईकडे येऊ. १८९९ साली व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेर्सुनी नावाच्या डॉक्टरने कातडीखाली पॅराफिन, म्हणजे मेणासारखा पदार्थ टोचायला सुरुवात केली. बसकं नाक उंच होतं, सुरकुती भरून निघते, म्हणून लोकांची झुंबड उडाली. काही वर्षांनी त्या जागी गाठी येऊ लागल्या, मेण सरकू लागलं. ग्लॅडिस डीकन नावाची त्या काळची एक नावाजलेली सुंदर बाई होती. तिने नाक सरळ करायला मेण टोचून घेतलं. ते सरकलं आणि चेहरा कायमचा बिघडला.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. गेर्सुनी डॉक्टर होता. म्हणजे माणूस शिकलेला असला तरी औषध पारखलेलं नसेल तर धोका आहेच. दोन्ही तपासायचं, टोचणारा हात आणि टोचलं जाणारं औषध.

बोटॉक्सचं तसंच. ते मुळात एका जंतूचं जहाल विष आहे. डॉक्टर ते अगदी थेंबभर, मोजून वापरतात. आधी ते तिरळ्या डोळ्यांसाठी वापरलं गेलं आणि १९८९ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. कॅनडातल्या जीन कॅरुथर्स या नेत्रतज्ज्ञ बाईंच्या लक्षात आलं, की डोळ्यांसाठी हे इंजेक्शन घेणाऱ्यांच्या भुवयांमधल्या आठ्या जातात. त्यांचे पती त्वचेचे डॉक्टर. दोघांनी मिळून त्यावर काम केलं. २००२ साली अमेरिकेत आठ्यांसाठीही मान्यता मिळाली. म्हणजे औषध तेच, पण ते कुठे, किती आणि कुणी टोचायचं यावर सगळं अवलंबून. जागा चुकली तर पापणी लोंबते. ओठ-गाल भरायचं जेल चुकून रक्तवाहिनीत गेलं तर तिथली कातडी मरते, कधी दृष्टीही जाते. असं झालं तर ते लगेच ओळखून उपाय करावा लागतो. दोन दिवसांच्या कोर्समध्ये हे येत नाही.

गोरेपणाच्या नावाखाली जे ग्लुटाथायोन शिरेतून देतात, त्याबद्दल फिलिपीन्स देशाच्या औषध प्रशासनाने लोकांना जाहीर इशारा दिला आहे. आणि मैत्रिणींनो, सावळं असणं हा आजार नाही. पण आज मी त्या वादात शिरत नाही. ज्या मुलीने ठरवलंच आहे, तिचा जीव सांभाळायचा आहे.

अलीकडचीच दोन उदाहरणं सांगते. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात एका स्पामध्ये बायकांचंच रक्त काढून, त्यावर प्रक्रिया करून, बारीक सुयांनी चेहऱ्यात घालायचे. स्पाकडे परवाना नव्हता. रक्ताच्या नळ्यांवर नावं नव्हती आणि त्या स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये खाण्याच्या वस्तूंबरोबर ठेवल्या होत्या. तिथून काही बायकांना एचआयव्ही झाला. २०२४ साली तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने हे जाहीर केलं. दुसरं उदाहरण आपल्याच देशातलं. २०१८ साली उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात चाळीसहून अधिक लोक एचआयव्हीबाधित आढळले. स्वस्तात इंजेक्शन देत फिरणाऱ्या, पदवी नसलेल्या एका माणसाच्या एकाच सुईवर संशय आला. एक जागा श्रीमंत देशातली, दुसरी गरीब खेड्यातली. टोचणाऱ्याकडे परवाना नाही, हे मात्र दोन्हीकडे सारखं.

कोणती नोंदणी?

इथे आपली फसगत होते, म्हणून नीट ऐका. पार्लरच्या भिंतीवर चार-पाच फ्रेम लावलेल्या असतात. एक शॉप ॲक्टची, एक उद्यम नोंदणीची, एक कोर्सच्या सर्टिफिकेटची. सगळ्यांवर 'नोंदणी' किंवा 'प्रमाणपत्र' लिहिलेलं असतं. उद्यम नोंदणी आपण आपल्या पापडाच्या, शिवणकामाच्या धंद्यालाही काढतो. ती धंद्याची नोंद आहे. तिने सुई टोचायचा अधिकार मिळत नाही. कोर्सचं सर्टिफिकेट म्हणजे कोर्स केला एवढंच. टोचणाऱ्या माणसाची नोंद वेगळी असते. डॉक्टरची मेडिकल कौन्सिलकडे, नर्सची नर्सिंग कौन्सिलकडे. तिच्यावर नाव असतं, नंबर असतो, आणि ठरावीक वर्षांनी ती नवी करून घ्यावी लागते.

आणखी एक. नर्सची नोंदणी खरी असली तरी कोणतं औषध, किती आणि कुठे द्यायचं हे ठरवणं डॉक्टरचं काम आहे. नर्स त्यांच्या सूचनेवरून देते. म्हणून फक्त 'अनुभवी नर्स' एवढं पुरत नाही. डॉक्टर कोण, हे विचारायचंच.

तर विचारायचं काय काय?

पहिलं, तुमचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक सांगा. क्रमांक विचारला म्हणून चिडणारीकडे टोचून घेऊ नका. डॉक्टरचं नाव मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर पाहता येतं. नर्सबद्दल नर्सिंग कौन्सिलकडे विचारता येतं. घरातल्या शिकलेल्या मुलीला हे काम सांगा.

दुसरं, डॉक्टरांनी मला तपासलं का? मला कोणते आजार आहेत, कोणती औषधं चालू आहेत, मी गरोदर आहे का, बाळाला पाजते का, हे कुणी विचारलं का?

तिसरं, औषधाची बाटली माझ्यासमोर दाखवा. नाव, बॅच नंबर, मुदत वाचा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा. मलकोवालची बाटली आठवा.

चौथं, सिरिंज आणि सुई माझ्यासमोर नव्या पाकिटातून काढा.

पाचवं, काही बिघडलं तर कुठे यायचं, आणि पावती द्या. पावती नाही म्हणजे उद्या तुम्ही तिथे गेलाच नव्हता.

पदवी नसलेला माणूस डॉक्टरकी करताना दिसला, तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. बनावट औषधाचा संशय असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे. सगळ्या गटाच्या सह्या घालून अर्ज दिला तर एकट्या बाईवर ताण येत नाही.

गटापुढचा प्रश्न

मध्यंतरी एका गटात एक अवघड विषय आला. एका सदस्येचं छोटं पार्लर आहे. ती कष्टाळू आहे, परतफेड एकदाही चुकली नाही. तिला इंजेक्शनचा कोर्स करायला आणि औषधं आणायला कर्ज हवं होतं. "गिऱ्हाईक मागतं, मी नाही दिलं तर शहरात जातं," असं ती म्हणाली. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. दोन बैठका चर्चा झाली. शेवटी ठरलं की पार्लरची खुर्ची, आरसा, मेंदी-मेकअपचं सामान यासाठी कर्ज द्यायचं, सुईसाठी नाही. ती नाराज झाली, पण तिने ऐकलं. तिच्या हातून कुणाला काही झालं असतं, तर तिच्याकडे दाखवायला नोंदणी नव्हती आणि गटाच्या वहीत मात्र कर्जाची नोंद असती.

आपण पंचसूत्री पाळतो. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित लेखे. पन्नास रुपयांची बचतही वहीत लिहिल्याशिवाय आपण बैठक मोडत नाही. लिहिलेलं नसेल तर उद्या भांडण होतं, हे आपण अनुभवाने शिकलो. पैशाला आपण जेवढं जपतो, तेवढं चेहऱ्याला आणि रक्ताला जपायला नको का?

येत्या बैठकीत वेगळा दहा मिनिटांचा विषय घ्या. आपल्या गावात, आठवडी बाजारात, जवळच्या शहरात कोण कुणाला कसली इंजेक्शनं देतं, ते एकमेकींना सांगा. आणि ठराव लिहा, की आमच्या गटातली कुणीही नोंदणी क्रमांक विचारल्याशिवाय रूपासाठी सुई टोचून घेणार नाही, आणि आपल्या लेकी-सुनांनाही तसंच सांगेल. ठरावाखाली सगळ्यांच्या सह्या घ्या. ज्यांना सही येत नाही त्यांचे अंगठे घ्या.